खिशातली टूलकिट: मल्टी-टूल, ओटीजी, पॉवरबँक... यातलं खरंच काय जवळ ठेवावं?

आज गॅजेट्सबद्दल बोलायचंय, पण आधी एक प्रसंग सांगतो.

श्रावणातला तिसरा सोमवार होता. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, त्या दिवशी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला तुफान गर्दी असते. आम्ही चौघं फेरीला गेलो होतो. एका मित्राची आई मागून बसने येऊन दर्शनाच्या रांगेत उभी राहणार होती. फेरी संपवून खाली आलो आणि त्याचा फोन ओल्या फरशीवर आपटला. डिस्प्ले दिसत होता, पण टच पूर्ण मेला. पॅटर्न काढता येईना, त्यामुळे फोन उघडेना. आईचा नंबर त्याच फोनमध्ये, आणि तो आमच्यापैकी कुणालाच पाठ नाही. अगदी तिच्या मुलालासुद्धा!

माझ्या बॅगेत मोठा स्टीलचा मल्टी-टूल होता. त्यात पक्कड, करवत, बाटलीचं ओपनर, सगळं होतं. त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. उपयोगाला आला तो चेनच्या कप्प्यात पडलेला नखाएवढा टाइप-सी ओटीजी. शेजारच्या हॉटेलच्या काउंटरवर बिलिंगचा कॉम्प्युटर होता. "दादा, दोन मिनिटं माउस देता का?" माउस ओटीजीला लावला, ओटीजी फोनला. स्क्रीनवर बाण आला! माउसने पॅटर्न काढला, नंबर शोधला, फोन लावला. काकू कुशावर्ताजवळ बसून आमचीच वाट बघत होत्या.

त्या दिवसापासून मी माझी टूलकिट पुन्हा शून्यापासून लावली. नियम एकच ठेवला: वस्तूला किती पाती आहेत हे मोजायचं नाही, ती किती वेळा अडचणीतून काढेल हे मोजायचं. याच नियमाने आज एकेक वस्तू बघू.

मल्टी-टूल आला कुठून?

स्विस आर्मी नाइफ तुम्ही पाहिलाच असेल. कार्ल एल्सनर या कारागिराने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे चाकूंचा कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. सैनिकांना दोन गोष्टी लागायच्या: डब्यातलं अन्न उघडणं आणि रायफलचे स्क्रू काढून ती साफ करणं. म्हणून चाकूत पात्यासोबत कॅन ओपनर आणि स्क्रूड्रायव्हर आला. १८९७ मध्ये त्याच चाकूची हलकी, जास्त अवजारांची 'ऑफिसर' आवृत्ती आली. पुढे हीच कंपनी व्हिक्टोरिनॉक्स या नावाने जगभर गेली.

दुसरं नाव लेदरमन. टिम लेदरमन हा अमेरिकन तरुण १९७५ मध्ये बायकोसोबत जुन्या फियाट गाडीतून युरोप फिरत होता. गाडी सारखी बंद पडायची, स्वस्त हॉटेलांचे नळ गळायचे. खिशात चाकू होता, पण पक्कड नव्हती. पक्कड असलेला चाकू बनवायचा हे त्याने तिथेच ठरवलं. १९८३ मध्ये कंपनी सुरू झाली. घडी घालून खिशात जाणारी पक्कड म्हणजेच आज आपण ज्याला मल्टी-टूल म्हणतो ते.

आणि आपल्याकडे? आजोबांची चंची आठवा. एकाच कापडी पिशवीत पान, सुपारी, चुन्याची डबी, अडकित्ता, प्रत्येकाला वेगळा कप्पा. आणि प्रत्येक घरात असतो तो नेलकटर. त्यात नखं कापायचं यंत्र, कानस, छोटं पातं आणि ओपनर! आपण त्याला कधी मल्टी-टूल म्हणत नाही एवढंच.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. ज्याला जे रोज लागायचं किंवा ज्याचं जे बिघडायचं, त्यानुसार अवजार बनलं. सैनिकाची रायफल, लेदरमनची फियाट, आजोबांचं पान. आता स्वतःला विचारा, तुमचं काय बिघडतं? रायफल नक्कीच नाही. बॅटरी संपते, केबल तुटते, टच जातो, चष्म्याचा स्क्रू पडतो. म्हणून आपली टूलकिट वेगळी असायला हवी.

१. ओटीजी: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

ओटीजी म्हणजे ऑन-द-गो. एरवी फोन कॉम्प्युटरला जोडला की कॉम्प्युटर मालक आणि फोन पाहुणा. ओटीजी लावला की फोन मालक होतो. मग त्याला पेन ड्राइव्ह, माउस, कीबोर्ड, कार्ड रीडर असं काहीही जोडता येतं.

टच गेलेल्या फोनमधून डेटा वाचवायचा हा सर्वात सोपा मार्ग आहे. मात्र तीन गोष्टी आजच तपासा:

- काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावा लागतो, आणि काही वेळ वापरला नाही तर तो आपोआप बंद होतो. टच गेल्यावर ते सेटिंग उघडणार कसं? म्हणून आत्ताच माउस लावून बघा.
- आयफोनला माउस चालतो, पण त्यासाठी असिस्टिव्हटच आधीपासून चालू असावं लागतं. शिवाय फोन बराच वेळ लॉक असेल तर नवीन ॲक्सेसरी जोडताना तो आधी अनलॉक करायला सांगतो.
- डिस्प्लेच काळा झाला असेल तर नुसत्या माउसने काम होत नाही. फोनच्या पोर्टमधून व्हिडिओ बाहेर जात असेल तरच टीव्हीला जोडून बघता येतं, आणि स्वस्त फोनमध्ये ही सोय बहुतेक वेळा नसते.

२. केबल: दिसायला सारख्या, आतून वेगळ्या

टाइप-सी हा फक्त प्लगचा आकार आहे. आत किती वीज जाईल आणि डेटा किती वेगाने जाईल, हे आकारावरून कळत नाही.

साधी टाइप-सी ते टाइप-सी केबल ३ अँपिअर झेलते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याहून जास्त, म्हणजे ५ अँपिअर नेणाऱ्या केबलमध्ये एक छोटी चिप असते. तिला ई-मार्कर म्हणतात. चार्जर आधी त्या चिपला विचारतो, "तुला किती झेपेल?" आणि तेवढीच वीज सोडतो. सध्याच्या स्टँडर्डमध्ये ही मर्यादा २४० वॅटपर्यंत जाते.

डेटाचंही तसंच. चार्जिंगसोबत मिळणाऱ्या बहुतेक केबल यूएसबी २ च्या असतात, म्हणजे जास्तीत जास्त ४८० मेगाबिट प्रति सेकंद. १० जीबीचा व्हिडिओ कॉपी करायला प्रत्यक्षात चार-पाच मिनिटं सहज जातात. महागडी केबल घेतली तरी फोनचं पोर्ट तेवढं वेगवान हवं. उदाहरणार्थ, आयफोन १५ ला टाइप-सी आलं, पण त्याच्या साध्या मॉडेलच्या पोर्टचा वेग यूएसबी २ चाच आहे.

आणखी एक. काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग फक्त त्यांच्याच चार्जर आणि केबलवर पूर्ण वेगाने चालतं. दुसऱ्या केबलवर फोन चार्ज होईल, पण हळू. मित्राची केबल लावल्यावर "तुझी केबल बोगस आहे" म्हणण्याआधी हे लक्षात घ्या.

खिशासाठी माझी निवड: एक फूटभर लांबीची, चांगल्या कंपनीची, ६० वॅटची केबल. बस.

३. पॉवरबँक: दहा हजार म्हणजे दहा हजार नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. "फोनची बॅटरी ५,००० एमएएच, पॉवरबँक १०,००० ची. मग दोनदा चार्ज का होत नाही?" हिशोब करून बघू.

पॉवरबँकच्या आतला सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-अवर. १० गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॅट-अवर. पॉवरबँकमध्ये साठलेली ऊर्जा एवढीच. आता ही वीज ५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त करून बाहेर पाठवायची, फोनने ती परत खाली आणून बॅटरीत भरायची. या सगळ्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून पॉवरबँक गरम लागते. साधारण १५ टक्के गेली असं धरलं तर हातात उरले ३१ वॅट-अवर. ५,००० एमएएचच्या फोनला पूर्ण भरायला सुमारे १९ वॅट-अवर लागतात. ३१ भागिले १९, म्हणजे दीड वेळापेक्षा थोडं जास्त.

कंपनीने फसवलं नाही, पण मोठा आकडा मोठ्या अक्षरात छापला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' लिहिलेली असते. खरेदी करताना ती वाचा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बीआयएसची नोंदणी. भारतात पॉवरबँक विकायला ती सक्तीची आहे. वस्तूवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' ॲप डाउनलोड करा, तो क्रमांक टाका, कंपनीचं नाव जुळतंय का बघा. एमजी रोडच्या मोबाइल मार्केटमध्ये दुकानात उभं राहूनही हे एका मिनिटात होतं. क्रमांक नसेल किंवा जुळत नसेल तर ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी ठेवून द्या. लिथियमचा वाईट सेल खिशात पेटला तर वाचलेले दोनशे रुपये काहीच कामाचे नाहीत.

फुगलेली पॉवरबँक किंवा फोनची बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जही करायची नाही. कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्यायची.

४. स्क्रूड्रायव्हर: चूक बिट म्हणजे कायमचं नुकसान

मोबाइलच्या बहुतेक स्क्रूंना बारीक फिलिप्स बिट लागतो, पीएच०० किंवा पीएच०००. लॅपटॉपमध्ये त्यासोबत टी५, टी६ असे चांदणीसारखे टॉर्क्स स्क्रूही दिसतात. आयफोनच्या खालच्या बाजूला पाच पाकळ्यांचा पेंटालोब स्क्रू असतो.

मोठ्या मल्टी-टूलमधला स्क्रूड्रायव्हर या कामासाठी फार जाड असतो. तो जबरदस्तीने लावला की स्क्रूचं डोकं घासून गुळगुळीत होतं, आणि मग कुठलाच बिट बसत नाही. म्हणून पेनाएवढा, बिट बदलता येणारा छोटा ड्रायव्हर घ्या. चष्मा, ट्रिमर, रिमोट, मुलांची खेळणी, लॅपटॉपचं मागचं कव्हर, सगळीकडे तोच चालतो.

फोन मात्र शक्यतो घरी उघडू नका. आजकालचे फोन स्क्रूपेक्षा गोंदानेच जास्त चिकटवलेले असतात. उघडताना बॅटरीला पत्री लागली तर ती पेट घेऊ शकते, आणि वॉटरप्रूफिंगचं सीलही जातं.

५. डेटा ब्लॉकर: स्टेशनवरच्या चार्जिंगसाठी

नाशिकरोड स्टेशन, सीबीएस, हॉटेल, कुठेही फुकट यूएसबी पोर्ट दिसलं की आपण केबल खुपसतो. पण यूएसबीच्या तारांतून वीज आणि डेटा दोन्ही जातात. पोर्टच्या मागे कुणी दुसरंच यंत्र बसवलं असेल तर फोनमधला डेटा ओढण्याचा प्रयत्न होऊ शकतो. याला 'ज्यूस जॅकिंग' म्हणतात. रिझर्व्ह बँकेने फसवणुकीच्या प्रकारांवर काढलेल्या पुस्तिकेतही याचा उल्लेख आहे.

घाबरून जाण्याचं कारण नाही. आजचे फोन डेटा देण्याआधी परवानगी विचारतात. 'फक्त चार्जिंग' निवडा, कुठल्याही अनोळखी पोर्टला 'ट्रस्ट' किंवा 'अलाऊ' म्हणू नका. डेटा ब्लॉकर नावाचा छोटा तुकडा मिळतो, त्यात डेटाच्या तारा जोडलेल्याच नसतात. पण त्याहून सोपा उपाय म्हणजे स्वतःचा चार्जर नेऊन भिंतीच्या साध्या सॉकेटला लावणं. सॉकेटमधून फक्त वीज येते.

६. टॉर्च: फोनचा आहे ना, मग?

अंजनेरी किंवा हरिहरला पहाटे अंधारात चढायला सुरुवात करणाऱ्यांना विचारा. फोनचा फ्लॅश प्रकाश जवळ पसरवतो, लांब फेकत नाही. शिवाय एक हात अडकतो, आणि हरिहरच्या कातळातल्या पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. बॅटरी संपली की टॉर्च आणि फोन दोन्ही एकदमच जातात, ते वेगळंच. म्हणून ट्रेकला डोक्याला लावायचा छोटा टॉर्च हवाच. तो टाइप-सीने चार्ज होणारा घ्या, म्हणजे वरची तीच केबल चालेल. शहरातल्या रोजच्या वापराला मात्र फोनचा पुरतो.

७. आता महत्त्वाचं: पातं आणि कायदा

पात्याचा मल्टी-टूल खिशात ठेवणं गुन्हा आहे का? शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, औद्योगिक कामाच्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे तीन इंची पात्याचा मल्टी-टूल त्या यादीत बसत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस एखाद्या भागात ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढू शकतात, आणि त्या कलमात चाकू-सुऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सण, निवडणुका, मोर्चे, मोठे मेळे अशा वेळी असे आदेश निघतात. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थाची शाही स्नानं आहेत. त्या गर्दीत "हे फक्त टूल आहे हो" असं समजावत बसण्यापेक्षा पातं घरी ठेवलेलं बरं. बिनपात्याचे मल्टी-टूलही मिळतात. त्यात पक्कड, कात्री, ड्रायव्हर असतात आणि आपलं नव्वद टक्के काम तेवढ्यात होतं.

ओझरहून विमानाने जाताना तर गंमतच आहे. पात्याचा मल्टी-टूल केबिन बॅगेत चालत नाही, तो चेक-इन बॅगेत टाकावा लागतो. पॉवरबँकचं बरोबर उलटं: ती चेक-इनमध्ये चालत नाही, केबिनमध्येच न्यावी लागते, कारण आग लागलीच तर ती माणसांना दिसली पाहिजे. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. वरच्या हिशोबाने २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, म्हणजे चालते. त्यापुढे १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते. लक्षात ठेवायला सोपं: *चाकू खाली, पॉवरबँक वर.*

८. फोन हाच मल्टी-टूल

मूळचे नाशिकचे असलेले एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'नेत्रा' नावाचं उपकरण मांडलं. मोबाइलच्या स्क्रीनवर एक स्वस्त प्लास्टिकचं भिंग बसवायचं, त्यातून बघत दोन रेषा एकमेकींवर आणायच्या, आणि सॉफ्टवेअर चष्म्याचा नंबर काढून देतं. महागडं यंत्र खिशात मावलं, कारण स्क्रीन आणि प्रोसेसर फोनमध्ये आधीच होते. फक्त एक जोड हवा होता.

आपणही असाच विचार करू शकतो. नवीन गॅजेट घेण्याआधी बघा, फोन ते करतो का?

- टीव्हीचा रिमोट बिघडलाय की सेल संपलेत? फोनचा सेल्फी कॅमेरा रिमोटच्या दिव्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश कॅमेऱ्याला दिसतो. आधी चालू रिमोटवर करून बघा, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याला दिसतं की नाही ते कळेल.
- ॲडॉप्टरवरचे बारीक आकडे वाचायचेत? फोटो काढून झूम करा.
- फोटो फ्रेम सरळ लागलीय का? फोनमधला लेव्हल वापरा.
- काही उघडताय? प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोटो काढा. परत लावताना देवाचे आभार मानाल.

माझ्या पाऊचमध्ये आज काय आहे?

१. टाइप-सी ओटीजी
२. एक फुटी केबल आणि छोटा चार्जर
३. १०,००० एमएएचची पॉवरबँक, बीआयएस क्रमांक तपासलेली
४. पेनाएवढा बिट ड्रायव्हर
५. सिम काढायची पिन
६. नेलकटर (हो, तोच!)
७. एक कागद

तो मोठा स्टीलचा मल्टी-टूल आता गाडीच्या डिकीत असतो. तिथे त्याचा उपयोग होतो.

आणि हो, सातव्या नंबरचा कागद. त्यावर आई, बाबा आणि एका मित्राचा नंबर पेनाने लिहिलाय, वरून पारदर्शक टेप लावलीय. खर्च शून्य. चार्जिंग लागत नाही, पडला तर फुटत नाही. खरं सांगायचं तर त्र्यंबकला त्या दिवशी हा कागद खिशात असता, तर माउसही मागावा लागला नसता. ओटीजी दुकानातून येईल तेव्हा येईल, कागद मात्र आत्ताच लिहा.